रंगाऱ्याची स्लाइड

सुदामचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. हौस म्हणून नव्हे. चारला भट्टी पेटली नाही तर वाफ वेळेवर तयार होत नाही, आणि वाफ नाही तर दहाच्या आत पहिला लॉट टाकीबाहेर पडत नाही. दहाला त्याला निघावंच लागे, कारण अकराला बदलापूरच्या कॉलेजात प्रॅक्टिकल सुरू होई.

अंबरनाथला बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत त्याची खोली. तिथून उल्हासनगरच्या कॅम्प पाचातलं टेकचंद शेठचं डाइंग सायकलवर लांब नव्हतं. डाइंग म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आत टाक्या, वर वाफेचे पाइप, खाली सतत ओली फरशी. काम ब्लाउजचं रुबिया कापड रंगवायचं. बायका दुकानात साडी घेऊन जातात आणि तिला जुळणारा ब्लाउजपीस मागतात. दुकानदार कापडाच्या ठाणांच्या थप्पीतून नेमका तोच रंग उपसून काढतो. तो रंग कुणीतरी वाफेत उभं राहून, काठीनं कापड वरखाली करून बसवलेला असतो. कॅम्प पाचात तो सुदाम बसवायचा.

काम अवघड होतं, हे सांगायला हवं. रंग पाण्यात टाकला आणि कापड बुडवलं की झालं, असं बाहेरच्याला वाटतं. तसं नसतं. आधी कापड उकळून त्याची खळ काढायची. मग कोमट पाण्यात रंग, मग हळूहळू वाफ वाढवायची, आणि पाणी तापत आलं की मीठ. मीठ पडल्यावर रंग पाणी सोडून कापडाला धरतो. मीठ लवकर पडलं तर डाग, उशिरा पडलं तर रंग फिका. आणि या सगळ्यात हात थांबवायचा नाही. काठी थांबली की कापडावर पट्टे उठतात. म्हणून सुदामला थांबणं ठाऊक नव्हतं. घरी जेवतानाही त्याचा गुडघा हलत असे. आई गयाबाई त्यावर हात ठेवायची. हात काढला की गुडघा पुन्हा सुरू.

वडील भीमराव गेले तेव्हा सुदाम नुकताच बारावी झाला होता. शास्त्र शाखा, जीवशास्त्र घेतलेलं. निकालाचा कागद घरात ठेवला आणि टाकीवर उभा राहिला. सहा वर्षं तिथेच गेली. पुन्हा कॉलेजात जायची बुद्धी त्याला झाली ती डाइंगमागच्या नाल्यामुळे. आजूबाजूच्या सगळ्या शेडचं पाणी त्यात जायचं. कधी तो लाल वाहायचा, कधी मोरपिशी. त्यात मासा नाही, बेडूक नाही. पण काठाला एरंड हिरवागार, आणि पाण्यातच एक लांब देठाचं गवत माजलेलं. भट्टी तापेपर्यंत सुदाम तिथे उभा राहायचा. हे गवत जगतं कसं, हा प्रश्न त्यानं बबनला विचारला होता.

बबन खरवई गावचा, शेतकरी, टाकीवरचा सगळ्यांत जुना माणूस. त्यानंच सुदामला काम शिकवलं होतं. तो म्हणाला, "जगतंय तर जगू दे ना. तुला कं त्याची पट्टी वसूल करायचीय?"

पण प्रश्न काही जाईना. शेवटी चोविसाव्या वर्षी सुदामनं बदलापूरच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं. कॉलेज लहान. कला, वाणिज्य, शास्त्र, सगळं एका इमारतीत. सकाळी तिथे शाळा भरायची, म्हणून कॉलेज अकराला. जीवशास्त्राच्या वर्गात बाकांपेक्षा मुलं कमी. सगळी त्याच्याहून लहान, त्याला सुदामदादा म्हणणारी.

टेकचंद शेठनं हरकत घेतली नाही. सकाळचा लॉट झाल्यावर जा आणि संध्याकाळी सुकलेला माल गुंडाळायला ये, एवढंच म्हणाला. शेठ सिंधी, पोराला 'पुट' म्हणायचा. "पण सुदाम, पुट, रंगाचा शेड बिगडला तर मी तुझ्या प्रोफेसरकडे नाही जाणार. तुझ्याकडेच येणार."

शेड बिघडला नाही. तीन वर्षं सुदाम चारला भट्टी पेटवत राहिला, दहाला सायकल काढत राहिला. वर्गात पोचायचा तेव्हा शर्टाची पाठ ओली आणि नखं लॉटच्या रंगाची. पहिलं वर्ष पास, दुसरं पास. पाठांतर त्याला जमे. काठी फिरवताना तो वनस्पतींच्या कुळांची नावं म्हणायचा आणि बबन मध्येच चर्चमधल्यासारखं "आमेन" म्हणायचा.

अडलं ते शेवटच्या वर्षी, स्लाइडवर.

वनस्पतीच्या खोडाचा पातळ काप घ्यायचा. वस्तऱ्यानं, इतका पातळ की पाण्यावर तरंगला की दिसू नये. तो काप लाल रंगात टाकायचा, मग धुवायचा, मग क्षणभर हिरव्या रंगात, पुन्हा धुवायचा, काचेवर ठेवून वर ग्लिसरीनचा थेंब आणि त्यावर पातळ काच. सूक्ष्मदर्शकाखाली लाकडी भिंतींच्या पेशी लाल दिसल्या पाहिजेत, बाकीच्या मऊ पेशी हिरव्या. दोन रंग वेगळे दिसले तर खोडाची रचना कळते. न दिसले तर काही कळत नाही.

काप सुदाम छान घ्यायचा. वर्गात सगळ्यांत पातळ. हाताला धार कळत होती. पण त्याची पहिली स्लाइड भोजवाणी मॅडमनी बघितली आणि डोळा उचलून पुन्हा लावला.

भोजवाणी मॅडम कॅम्प तीनच्या. मराठी स्वच्छ बोलायच्या. रागावल्या की हिंदीत जायच्या, त्यावरून मुलं हवामान ओळखायची.

"सुदाम, हे काय आहे?"

"खोडाचा सेक्शन, मॅडम. सूर्यफूल."

"मला तर गुलालाची पुडी दिसते. आणि हे ठिपके कसले? कचरा पडला का?"

शेजारी मीनल उभी होती, कुळगावची, हुशार मुलगी. तिनं त्याच्या बाकावर बघितलं. काचेच्या बशीखाली वर्तमानपत्राचा एक चुरगळलेला तुकडा होता. तिनं तो उघडला, बोट लावलं, बोट जिभेला लावलं.

"मॅडम, मीठ आहे."

"मीठ?"

"रंगात टाकलं," सुदाम म्हणाला. "रंग धरत नव्हता म्हणून. थोडंसंच. आणि दिव्यावर जरा कोमट केला."

वर्ग हसला. रघू नावाचा एक उंच पोरगा होता, तो मागून म्हणाला, "दादा, माझ्या आईच्या साडीला फॉल-पिको पण करून द्या."

मॅडम हसल्या नाहीत. त्या स्टूल ओढून बसल्या. "कुणी सांगितलं मीठ टाकायला?"

"सांगितलं नाही कुणी. डाइंगमध्ये टाकतात."

"तिथे कापड आहे. हा दुसरा रंग आहे, मिठानं तो फाटतो, कण होतात. ते ठिपके त्याचेच. मीठ सोड. ते उद्या टाकणार नाहीस. मुख्य चूक वेगळीच आहे." त्यांनी त्याची बशी प्रकाशाकडे धरली. "रंग चढवणं अर्धं काम. काढणं उरलेलं अर्धं. कडक भिंती लाल धरून ठेवतात, मऊ भिंती सोडून देतात. त्यांना सोडू दे. सगळ्यांनीच धरलं तर बघायचं काय?"

त्याला कळलं. समजायला अवघड काहीच नव्हतं. पण डाइंगमध्ये रंग सुटणं याच्याइतकं वाईट दुसरं काही नसतं. धुण्यात रंग सुटला म्हणून बाजारातून आख्खा लॉट परत आलेला त्यानं बघितला होता. त्या आठवड्यात शेठ कुणाशी बोलला नव्हता. सहा वर्षं आणि वर तीन, सुदामचे हात एकच गोष्ट शिकले होते. सुटू द्यायचं नाही.

मीठ त्यानं सोडलं. रंग कोमट करणंही सोडलं. तरी स्लाइड गडद व्हायची. मॅडम सांगायच्या, काढ, आता काढ. तो काप उचलायचा, बघायचा, त्याला वाटायचं की फिका आहे, आणि हात आपोआप तो पुन्हा बुडवायचा. मग पुढची स्लाइड. मग तिच्या पुढची. पाच वाजायच्या आत परतायचं असायचं, माल गुंडाळायचा असायचा. तो उभ्यानंच काम करायचा. स्टूल असून बसायचा नाही.

"बैठो तो सही," मॅडम एकदा म्हणाल्या. हवामान बिघडत होतं.

"बसलो की उशीर होतो, मॅडम."

एप्रिलमध्ये विद्यापीठाची परीक्षा. लेखी पेपर बरे गेले. प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक. सुदामच्या वाट्याला खोडाची स्लाइड आली. पहिली गडद झाली. त्याला कळलं की गडद झाली. दुसरी केली, तीही तशीच. आता घाईला सुरुवात झाली. तिसरी, चौथी. बाकावर वनस्पती ओळखायचे नमुने मांडून ठेवले होते, ते त्याला सगळे येत होते. फूल उघडून त्याचं वर्णन लिहायचं होतं, तेही येत होतं. पण त्याचा हात त्या स्लाइडवरून निघेना. घंटा झाली तेव्हा त्याच्यासमोर गडद लाल स्लाइड्सची रांग होती आणि उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी.

निकाल लागला. प्रॅक्टिकलमध्ये नापास. बाकी सगळं पास. ऑक्टोबरात फक्त प्रॅक्टिकलला पुन्हा बसता येत होतं. त्यातही गेलं तर नियमाप्रमाणे वर्षच नव्यानं, नव्या अभ्यासक्रमासह. तो अभ्यासक्रम बदलणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे ऑक्टोबर हीच खरी संधी.

सुदाम ही बातमी घेऊन डाइंगवरच गेला, घरी नाही. बबन टाकीवर होता.

"नापास झालो."

"कशात?"

"रंगात."

बबननं काठी थांबवली, जी तो कधी थांबवत नसे. "तू? रंगात?" मग लगेच पुन्हा काठी फिरवायला लागला. "कुनाला सांगू नको हां. शेठला कळला तर पगार कापंल."

पावसाळा आला. सुदाम रोज ठरवायचा की आज संध्याकाळी बसून सराव करायचा. संध्याकाळी माल गुंडाळून घरी आला की बसवत नसे. काप घ्यायला घेतला की पाय हलायचे, वस्तरा वाकडा जायचा. पहाटेची भट्टी डोक्यात असायची. शनिवारी मॅडम त्याला प्रयोगशाळेत येऊ द्यायच्या. मागच्या शनिवारची चूक पुढच्या शनिवारी तशीच व्हायची. जुलै संपला.

एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, "तुला शिकवायला आता माझ्याकडे नवीन काही नाही. तुला येतं सगळं. तुझा हात थांबत नाही एवढंच आहे. टाकीवरून उठून येतोस आणि इथेही टाकीच चालवतोस. जोवर तिकडे आहेस तोवर हे असंच होणार."

हे त्याला आठवडाभर छळत राहिलं. मग तो टेकचंद शेठच्या खोलीत गेला. ऑगस्ट आणि सप्टेंबर बिनपगारी सुट्टी मागितली.

शेठ चहा पीत होता. "सणाचा सीझन आहे, साईं. गणपती, नवरात्र, मग दिवाळी. आत्ताच रुबिया जातो. आणि तू म्हणतोस दोन महिने नाही येणार?"

"परीक्षा झाली की येतो."

"तेव्हा टाकीवर दुसरा असेल. मी त्याला काय सांगू, उठ, सुदाम आला?" शेठनं बशी खाली ठेवली. त्याला राग नव्हता, वाईट वाटत होतं. "जायचं तर जा. पण जागा नाही ठेवू शकत. हे आत्ताच बोललेलं बरं."

म्हणजे ऑक्टोबरात नापास झाला तर ना पदवी, ना टाकी. तिशीकडे झुकलेला, दुसरं काही न येणारा माणूस. वाटेत सायकल चालवताना सुदामनं हे उलटसुलट करून पाहिलं. कसंही केलं तरी तेच उत्तर येत होतं.

घरी गयाबाई भाकऱ्या थापत होती. दिवसा ती एका खानावळीत पोळ्या लाटायची, संध्याकाळी घरी भाकऱ्या. तिच्या हातांनाही सुट्टी नव्हती.

"दोन महिने काम सोडतोय," तो म्हणाला.

"आणि खायचं काय?"

"साठवलेलं आहे ना. पोस्टातलं."

पोस्टातली रक्कम टाकीवरची होती, दर दिवाळीचा बोनस आणि दर महिन्याला बाजूला टाकलेलं. ती घरावर स्लॅब घालायला ठेवलेली होती. पत्रा उन्हाळ्यात तापायचा आणि पावसात त्याखाली टोपली मांडावी लागायची. आत्ताही कोपऱ्यात टोपली होती आणि तिच्यात थेंब पडत होते.

"स्लॅब?"

"पुढच्या वर्षी."

"पुढचं वर्ष तुझा बापही सांगायचा." भाकरी तव्यावर टाकून तिनं पाणी फिरवलं. भाकरी फुगली, उतरली. मग म्हणाली, "बस. पण बसायचं तर नीट बस, सुदाम. घटकाभर बसून उठायचं असेल तर आत्ताच सांग. त्यापेक्षा कामावर जा."

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तो चारलाच उठला. पेटवायला भट्टी नव्हती. त्यानं स्टो पेटवला, चहा केला, पातेलं खाली ठेवलं, पुन्हा वर ठेवलं. गयाबाईनं गोधडीतून तोंड काढलं. "तुझी भट्टी माझ्या डोक्यावर नको पेटवूस."

तो बाहेर पडला. सायकल आपण होऊन कॅम्प पाचाकडे वळली. डाइंगच्या फाटकाशी तो उभा राहिला. आत वाफेचा आवाज येत होता, आणि त्याच्या टाकीवर एक नवा माणूस काठी मारत होता. वाफ फार लवकर वाढवली होती त्यानं. सुदामचे हात शिवशिवले.

बबननं पाहिलं. "तू काम सोडलास ना? मग इकडं कं आलास?"

"सहजच."

"सहज कोन डाइंगवर येतो? जा घरी. बसायला सुट्टी घेतलीस ना, बस जा."

मंगळवारीही तो गेला. बुधवारी फाटकापर्यंत गेला आणि परतला. बसणं हे काम आहे हे त्याला तोवर माहीत नव्हतं. काठी मारताना खांदे दुखतात, हे दुखणं ओळखीचं. हे नवं होतं. पाठीत, मानेत, आणि छातीत काहीतरी सारखं पुढे ढकलत असे. उठ, उशीर झाला. कशाला उशीर झाला ते मात्र सांगत नसे.

बुद्धविहारातल्या मागच्या सामायिक खोलीत पूर्वेला खिडकी होती आणि खाली एक जुनं टेबल. वस्तीतल्या लोकांनी ते त्याला वापरायला दिलं. नाल्याकाठचा कोवळा एरंड तो आणायचा. बटाट्याच्या फोडीत खोड धरून वस्तऱ्यानं काप घ्यायचा. घड्याळजीकडून एक भिंग आणि मॅडमकडून रंगाच्या बाटल्या आणल्या होत्या. शेकडो काप घेतले. रंगवले. बहुतेक फेकले. लहान पोरं खिडकीतून बघायची आणि कंटाळून निघून जायची. तो उठून खोलीत फेऱ्या मारायचा, पुन्हा बसायचा. आईचं बोलणं आठवून पुन्हा बसायचा.

ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी त्यानं एक काप लाल रंगातून काढला, पाण्यात धुतला आणि भिंगाखाली धरला. कडा नीट लाल, मधला भाग जवळजवळ पांढरा. नेहमीप्रमाणे वाटलं, फिका आहे, अजून एक बुडी. हात पुढे गेला. आणि मध्येच थांबला, कारण त्याच क्षणी त्यानं स्वतःला विचारलं की हे वाटतं का.

उत्तर टाकीवर होतं. डाइंगमध्ये रंग जुळतो का हे बघायला कापडाचा ओला कोपरा पिळून नमुन्याशी धरतात. ओलं कापड गडद दिसतं, वाळलं की फिकं पडतं. म्हणून ओल्यात जुळलं तरी रंगारी थांबत नाही. वाळल्यावर पडणारी घट धरून तो एक घास जास्त चढवतो. हे कुणी शिकवत नाही, दोन लॉट नासल्यावर हाताला आपोआप कळतं. सुदामचा हात नऊ वर्षं तो एक घास जास्त चढवत आला होता. पण हा काप कधी वाळणारच नव्हता. तो ग्लिसरीनमध्ये, काचेखाली, कायमचा ओलाच राहणार होता. आत्ता दिसतो तो रंग तसाच राहणार. मॅडमना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, त्यांनी कधी कापड रंगवलं नव्हतं. आणि बबनला सांगून उपयोग नव्हता, त्यानं कधी स्लाइड पाहिली नव्हती.

त्यानं काप काचेवर ठेवला. हात मागे बांधले आणि बसून राहिला.

कळलं म्हणजे जमलं असं मात्र झालं नाही. पुढचे कितीतरी काप पुन्हा गडद झाले. कळणं डोक्यात होतं आणि सवय मनगटात. पण आता त्याला ठाऊक होतं की कुणाशी झगडायचं आहे. प्रत्येक काप उचलताना तो मोठ्यानं म्हणायचा, "वाळणार नाही." विहारात येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला वाटलं, पोरगा काही मंत्र म्हणतोय. तिनं गयाबाईला जाऊन विचारलंही.

सप्टेंबरात शनिवारी तो मॅडमकडे स्लाइड घेऊन गेला. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, पेच फिरवला, आणि दुसरी मागितली. मग तिसरी. "ये किसने बनाया?" त्या म्हणाल्या. सुदामला वाटलं रागावल्या. पण त्यांचं तोंड तसं नव्हतं.

ऑक्टोबरात परीक्षा. केंद्र तेच, परीक्षक दुसरे, पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे. पुन्हा खोडाची स्लाइड. सुदामनं आधी नमुने ओळखून लिहिले. मग फूल. स्लाइड शेवटी ठेवली. आणि तिला घेताना तो स्टुलावर बसला.

काप चांगला आला. लाल रंगात टाकला. बाकाखाली त्याचा गुडघा हलू लागला आणि तो थांबवायचा प्रयत्न त्यानं केला नाही. गुडघ्याचं गुडघा बघेल. हात मांडीवर होते. त्यानं काप काढला, धुतला. फिका दिसला. फार फिका. सगळा जीव ओरडून सांगत होता की एक बुडी, फक्त एकच. परीक्षक नेमके त्याच वेळी मागे येऊन उभे राहिले. सुदामनं बशीकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज निघाला नाही. मग त्यानं काप हिरव्यात टाकला, काढला, धुतला, काचेवर ठेवून झाकला, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि हात मागे घेतले.

परीक्षक वाकले. डोळा लावला. पेच थोडा फिरवला. सरळ झाले आणि त्याच्या नखांकडे पाहिलं. नखांच्या मुळाशी जुना मोरपिशी अजून होता.

"काय काम करता?"

"डाइंगमध्ये होतो, सर."

"होतात?"

"सोडलं."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या बाकाकडे गेले. त्यात होकार होता की नकार, हे त्याला निकाल लागेपर्यंत कळलं नाही. ते दोन महिने कसे गेले ते गयाबाईला विचारावं. तो दिवसभर फिरायचा, मिळेल ते काम करायचा, बाजारात पाट्या उचलायचा, आणि चारला उठून दारात उभा राहायचा. पोस्टातलं सगळं संपलं होतं.

डिसेंबरात निकाल लागला. पास. दुसरा वर्ग. यादी पाहून तो मॅडमना भेटायला वर गेला. त्या वर्ग घेत होत्या. दारातून त्यानं मान हलवली आणि त्यांनीही हलवली. मग खडू उचलून त्या पुन्हा फळ्याकडे वळल्या.

जानेवारीत कॅम्प तीनमध्ये एका लहान खासगी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत त्याला काम मिळालं. रक्ताच्या थेंबाच्या स्लाइड रंगवायच्या आणि ताप आलेल्यांच्या रक्तात मलेरिया आहे का ते बघायचं. पगार टाकीपेक्षा कमी. खुर्ची होती. पहिल्या महिन्यात ती मालकाला बरेचदा रिकामीच दिसली.

एका संध्याकाळी रस्त्यात बबन भेटला. दोघं कटिंग चहा प्यायले. बबननं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग त्याचे हात पालथे करून नखं बघितली.

"नऊ वर्षं वाफेत उभा राहिलास," तो म्हणाला. "त्या कमाईचा केलास काय? घर नाय बांधलंस, गाडी नाय घेतलीस, बायको पन नाय आनलीस."

सुदामनं थोडा विचार केला. "ऑगस्ट आणि सप्टेंबर बसून राहिलो. सगळी त्यातच गेली."

"बसायला?"

"हो."

बबननं ग्लास पालथा घातला. "लय महाग पडला रं तुला बसना," तो म्हणाला.

"पडलं खरं," सुदाम म्हणाला, आणि चहाचे पैसे बबननं दिले.